म्हशीच्या दुधाचं मोझरेला ताणतच नाही. आणि कोल्हापुरात परवडणारं बरं चीज मिळतं कुठं?

पेठेतली_वहिनी

मंडळी, चीजबद्दल विचारायचंय. शक्यतो कोल्हापूरच्याच माणसांनी उत्तर द्यावं, कारण पुण्या-मुंबईचे लोक "ॲपवरून मागवा की" म्हणून मोकळे होतात.

मी शिवाजी पेठेत राहते. पोरांना रविवारी घरचा पिझ्झा लागतो. नवरा म्हणतो, चीजच्या खर्चात अर्धा किलो मटण आलं असतं. त्याचंही खोटं नाही. मध्ये एका दुकानातून सुटं 'पिझ्झा चीज' आणलं, ब्रँडच्या निम्म्या भावात. तव्यावर आधी तेल सुटलं, आणि गार झाल्यावर वर मेणासारखा थर. पोरांनी तेवढा सोलून बाजूला काढून ठेवला.

मग म्हटलं घरीच करू. दुधाला काय तोटा आहे का इथं? गोकुळ १९६३ पासून आहे, जिल्ह्यात गल्लोगल्ली दूध, आणि आमचं तर गंगावेशीच्या कट्ट्यावरचं, समोर धार काढून दिलेलं. व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे ४ लिटर दूध, दीड चमचा लिंबूसत्व, आणि दूध जमवायला ऑनलाइन मागवलेली रेनेटची गोळी. दही असं झकास जमलं की सुरी उभी राहील, तेही पाच मिनिटांत. पण गरम पाण्यात घालून ताणायला गेले तर तुटतंय. लांब होतच नाही. चावलं की दाताखाली कचकच वाजतं. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या दुधाचं खवा तरी झाला असता."

तो गोळा फ्रीजमध्ये पडून आहे. त्याचं काय करू? घरी करणं परवडतं का मुळात? आणि विकतचं घ्यायचं तर काय बघून घ्यायचं?

रंकाळ्याचा_वारा

चीज कशाला वहिनी, गोळा किसून मिसळीवर टाका. कोण विचारतंय!

लॅबवाले_काका

वहिनी, तुमच्या हातात खोट नाही. रेसिपी गाईची आहे आणि दूध म्हशीचं. परदेशी व्हिडिओतलं प्रमाण जसंच्या तसं मराठीत सांगणारे खूप आहेत, पण कोल्हापुरात 'दूध' म्हटलं की म्हैस, हे त्यांच्या डोक्यात येत नाही.

माझी नोकरी दूध संघाच्या प्रयोगशाळेत गेली. आता रिटायर आहे, पण थर्मामीटर काही सुटला नाही; घरच्यांना त्याचा वैताग येतो. असो.

गाईच्या दुधाला फॅट साडेतीन-चार लागतं. म्हशीला सहा-सात, आणि कट्ट्यावरची म्हैस चांगली चारलेली असेल तर आठलाही जातं. पण तुमची अडचण फॅटची नाही. दुधात केसिन नावाचं प्रथिन असतं, चीज म्हणजे मुख्यतः तेच. म्हशीच्या दुधात ते जास्त, आणि त्याला धरून बसलेलं कॅल्शियमही जास्त. त्यामुळं रेनेट पडल्या पडल्या दही लवकर आणि कडक जमतं, ते तुम्ही बघितलंच. शिवाय हे दूध आंबटपणा पचवून टाकतं. गाईच्या दुधाला जेवढं लिंबूसत्व पुरतं, तेवढ्यात म्हशीच्या दुधाचा पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा (आंबटपणा वाढला की तो उतरतो), पुरेसा खाली येत नाही.

आणि मोझरेलाचा सगळा खेळ या पीएचवर आहे. आंबटपणा वाढला की केसिनमधलं थोडं कॅल्शियम सुटून निवळीत, म्हणजे दह्यातून सुटलेल्या पाण्यात, जातं, तेव्हा कुठं दही गरम पाण्यात मऊ होऊन ताणायला लागतं. कॅल्शियम आतच राहिलं तर चिवट गोळा आणि तुमची ती कचकच. फारच निघून गेलं तर उलटं होतं, गरम पाण्यात लगदा होऊन हातात काही राहत नाही. विरजण घालून सावकाश आंबवणार असाल तर ५.२-५.३ ला ताण येतो. लिंबूसत्वाने थेट आंबट केलेल्या दुधात ५.६ च्या आसपासच येतो. हा फरकही व्हिडिओवाले सांगत नाहीत.

आता तुमच्या ४ लिटरला काय करायचं ते सांगतो.

कट्ट्यावरचं दूध कच्चं असतं. समोर धार काढली म्हणजे ताजं झालं, निर्जंतुक नाही झालं. ब्रुसेला, क्षय हे आजार कच्च्या दुधातून येतात. तेव्हा आधी ६३ अंशांवर अर्धा तास धरा आणि पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून भराभर निववा. उकळी मात्र अजिबात नको. मग फ्रीजमध्ये गार करा. लिंबूसत्व गार दुधातच घालायचं, कोमट दुधात घातलं की तिथल्या तिथं फुटकुळ्या होतात. दीड चमच्याच्या जागी पावणेदोन ते दोन चमचे लागतील. कपभर पाण्यात विरघळवून, धार बारीक धरून, ढवळत ढवळत घाला. चमच्यावर भरवसा ठेवू नका. रोजचं दूध वेगळं असतं, पट्टीवर पीएच बघा.

मग मंद आचेवर ३२ अंशांपर्यंत आणा. रेनेट पाकिटावरच्या मापापेक्षा एक-तृतीयांश कमी घ्या, आणि ते उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन रेनेट मारतं. घातल्यावर अर्धा मिनिट ढवळून हात काढायचा तो काढायचा, पातेलं हलवायचं नाही. सुरी घालून उचलली की स्वच्छ चीर पडली पाहिजे आणि चिरेत पिवळसर-हिरवट निवळी दिसली पाहिजे. दिसली की लगेच कापा, जास्त वेळ ठेवलंत तर म्हशीचं दही आणखी आवळतं. गाईच्या दह्यापेक्षा तुकडे मोठे ठेवा, बोटाच्या पेरापेक्षा मोठे. ४० अंशांच्या वर नेऊ नका.

ताण बघण्याची पद्धत: सगळा गोळा एकदम गरम पाण्यात टाकायचा नाही. सुपारीएवढा तुकडा घ्या, ८० अंशांच्या पाण्यात अर्धा-एक मिनिट बुडवा, चमच्याने बाहेर काढून दोन्ही हातांनी ओढा. तुटला आणि तुटलेली कड खडबडीत दिसली तर अजून आंबटपणा कमी आहे. दही निवळीतच राहू द्या, पंधरा-वीस मिनिटांनी परत बघा. कड गुळगुळीत, चकचकीत दिसली आणि तुकडा आपल्या वजनाने खाली उतरायला लागला की थांबू नका, सगळं ताणायला घ्या. त्या वेळी आच, मीठ, हातमोजे सगळं तयार पाहिजे. ८० अंशांच्या पाण्यात उघडे हात घालणारे शूर मी बघितलेत, दोन दिवस भाकरी थापता येत नाही त्यांना.

थेट लिंबूसत्वाच्या पद्धतीत थांबून फार फायदा होत नाही, हेही सांगून ठेवतो. आंबटपणा सगळा सुरुवातीलाच घातलेला असतो. थांबून वाढायचा तर दुधात चमचाभर ताजं ताक घालायला लागतं. मी घालतो. चवही येते.

पेठेतली_वहिनी

काका, उकळी नको म्हणालात तिथं मी अडकले. आमच्याकडे दूध उंबऱ्याच्या आत आलं की सासूबाई गॅसवर चढवतात, मी उठायच्या आधी. त्या दिवशी तापवायच्या आधी मी काढून घेतलं होतं, ते कच्चंच होतं. एरवी तापवलेलं चालत नाही का? आणि पिशवीचं?

लॅबवाले_काका

तापवलेल्या दुधाचं पनीर होतं, चीज होत नाही. उकळीला निवळीतली प्रथिनं केसिनवर जाऊन बसतात, मग रेनेटला केसिनपर्यंत पोचताच येत नाही. दही जमलंच तर लिबलिबीत. त्याच कारणाने टेट्रा पॅकचं दूधही बाद, ते १३५ अंशांच्या वर तापवलेलं असतं.

पिशवीचं पाश्चराइज्ड दूध चालतं. ७२ अंशांवर १५ सेकंद एवढंच तापवलेलं असतं ते. फक्त पिशवीवर 'होमोजिनाइज्ड' लिहिलंय का ते वाचून घ्या. त्यात फॅटचे कण फोडून बारीक केलेले असतात, दही मऊ पडतं, ताण कमी येतो. सोपं पाहिजे असेल तर पहिल्या वेळी निम्मं गाईचं आणि निम्मं म्हशीचं घ्या. प्रमाणही मधलं धरता येतं आणि गोळा मऊ येतो.

सासूबाईंना सांगा, रविवारचं ४ लिटर वेगळ्या पातेल्यात, वर झाकण. बाकी त्यांचं राज्य.

आणि फ्रीजमधला गोळा टाकू नका. त्याचं उत्तम प्रोसेस्ड चीज होतं. विकतच्या क्यूबमध्ये सायट्रेट, फॉस्फेट असे क्षार असतात, ते हेच करतात: जास्तीचं कॅल्शियम पकडून ठेवतात, म्हणून चिवट चीजही गुळगुळीत वितळतं. घरी सायट्रेट करायला खायचा सोडा आणि लिंबूसत्व पुरे. अर्ध्या किलो गोळ्याला १० ग्रॅम लिंबूसत्व आणि १२-१३ ग्रॅम सोडा. अर्धी वाटी पाण्यात एकत्र करा, भांडं मोठं घ्या, फसफसून वर येतं. फेस बसला की ते पाणी, किसलेला गोळा, दोन चमचे लोणी आणि चवीला मीठ जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर हलवत राहा. आधी भयंकर दिसेल, गुठळ्या आणि पाणी वेगळं. हलवत राहा. मग अचानक एकजीव होतं. तूप लावलेल्या डब्यात ओता, रात्रभर फ्रीजमध्ये. सँडविचला पोरं ओळखणार नाहीत. फक्त ते पांढरं होईल. म्हशीच्या दुधात गाईसारखा पिवळा रंग नसतो, आणि विकतच्या चीजमध्ये तो बऱ्याचदा ॲनाटो नावाच्या बियांच्या रंगाचा असतो.

कॅफेवाला_भावा

राजारामपुरीत छोटा कॅफे चालवतो, म्हणून विकतच्या चीजबद्दल बोलतो. काकांच्या पुढं दुधावर बोलायची आपली टाप नाही.

वहिनी, ते सुटं चीज म्हणजे बहुतेक चीज नसणारच. पाम तेल, स्टार्च आणि दुधाची पावडर यांचं केलेलं असतं, धंद्यात त्याला ॲनालॉग म्हणतात. वापरणं गुन्हा नाही, पण दुधाचं चीज म्हणून विकणं नियमात बसत नाही. सुटं घेतलं की लेबलच नाही, मग कोणाला धरणार? म्हणून पहिला नियम, सुटं घ्यायचं नाही. दुसरा, पाकीट उलटं करून घटक वाचायचे. यादीत पहिलं दूध किंवा चीज पाहिजे. 'एडिबल व्हेजिटेबल ऑइल' दिसलं की पाकीट परत फळीवर. समोरच्या बाजूला काय लिहिलंय त्याकडं बघूच नका, तिकडं गाय काढलेली असते.

परवडण्याचं म्हणाल तर २०० ग्रॅमची पाकिटं घेण्यात तोटा आहे. एक किलोचा मोझरेलाचा ब्लॉक घ्या, आल्या दिवशी किसा, छोट्या पिशव्या भरून डीप फ्रीजरला टाका. पिझ्झ्याला गोठलेलंच वर भुरभुरायचं. महिनाभर काही होत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये चीजवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा छापील किंमत बघून घ्या, जुना माल जुन्या भावात गळ्यात पडू नये.

आणि एक, मोझरेला एकटं टाकू नका. त्याला चव कमी, ताण जास्त. चवीला थोडं चेडर किसून मिसळा, चार भागाला एक भाग. एकूण चीज कमी लागतं. आमचा पिझ्झा लोक चीजी म्हणून मागतात, त्यामागं हेच आहे. मालक म्हणून हे सांगायला नको होतं, पण वहिनी पेठेतल्या आहेत.

माहेर_बिंदूचौक

सासर दादरचं, म्हणून पुण्या-मुंबईवाल्यांत धरू नका. मला वाटतं मोझरेलापासून सुरुवात करूच नये. आमच्या इमारतीत पारशी शेजारीण आहे, ती टोपली पनीर करते. नाव पनीर असलं तरी ते लिंबाने फाडलेलं नसतं, रेनेटने जमवलेलं असतं, छोट्या वेताच्या टोपल्यांत. टोपलीचे वळ त्याच्यावर उमटतात आणि ते मिठाच्या निवळीतच ठेवतात. इतकं मऊ की चमच्यावर थरथरतं. ताणायचं नाही, पीएच नाही, हातमोजे नाहीत. आपल्याकडे बुरूड लोक वेताच्या-बांबूच्या टोपल्या करतात, तशी लहान करून घेता येईल. मी प्लास्टिकच्या चाळणीत करते, काम भागतं.

पिझ्झ्यावर चालत नाही हे कबूल. पण टोस्टवर, वर मिरपूड आणि थोडी हिरवी मिरची, म्हणजे पोरं पिझ्झा विसरतील. निदान अर्धा तास.

पेठेतली_वहिनी

गोळ्याचं प्रोसेस्ड केलं काका. ते "भयंकर दिसेल" वाचलं नसतं तर मी कढई बाजूला ठेवली असती. जमलं! सासूबाईंनी पोळीला लावून खाल्लं आणि "बरंय" म्हणाल्या, म्हणजे चांगलं झालंय.

आता हिशोब सांगा कोणीतरी. रतीब सत्तर रुपये लिटर आहे. आणि ते पिवळं कडक चीज, चेडर, ते घरी होतं का?

लॅबवाले_काका

हिशोब सरळ आहे. ४ लिटर गाईच्या दुधाचं मोझरेला ४०० ते ४५० ग्रॅम निघतं. म्हशीचं चांगल्या फॅटचं असेल तर ६५० ते ७०० पर्यंत जातं, ताणताना पाण्यात किती सांडता त्यावर आहे. म्हणजे तुमचं २८० रुपयांचं दूध, किलोला चारशेच्या थोडं वर पडलं. त्यात गॅस, रेनेट आणि अर्धी सकाळ धरा. विकतच्या किलोच्या ब्लॉकपेक्षा वाचेल ते किरकोळ. तेव्हा पैसे वाचवायला म्हणून करू नका, कॅफेवाल्याचं ऐका आणि ब्लॉक घ्या. करायचं तर चवीसाठी करा. इटलीत कंपानियात म्हशीच्या दुधाचं जे मोझरेला होतं, त्याला १९९६ पासून युरोपात नावाचं संरक्षण आहे, आणि आपल्याकडच्या शहरांत ताजं म्हशीचं मोझरेला चैनीच्या भावात विकतात. त्याला लागतं ते दूध तुमच्या दारात येतं. तुलना करायची तर त्याच्याशी करा, क्यूबशी नको.

निवळी साडेतीन लिटरच्या आसपास उरेल. कणीक मळायला, कढीला वापरा. झाडांना घालू नका, मीठ आणि आंबटपणा दोन्ही असतो.

चेडरचा नाद सोडा. जमवणं अवघड नाही, मुरवणं अवघड आहे. १० ते १३ अंश तापमान आणि ८५ टक्के ओलावा, तोही महिनोन्‌महिने. घरचा फ्रीज ४ अंशांवर चालतो आणि आतली हवा कोरडी असते, चीज मुरायच्या ऐवजी वाळतं. फ्रीजबाहेर ठेवाल तर एप्रिल-मेमध्ये काय होईल ते सांगायला नको. जुना फ्रीज असेल तर त्याला बाहेरून थर्मोस्टॅट बसवून जमतं, पण मग तो फ्रीज घरात कुठं ठेवायचा यावरून भांडणं होतात. मिठाच्या पाण्यातलं, 'फेटा' नावाच्या ग्रीक चीजसारखं करा. दही कापून कपड्यात टांगा, चौकोनी वड्या पाडा, मीठ चोळून एक दिवस ठेवा, मग ८ टक्के मिठाच्या पाण्यात. लिटर पाण्याला ८० ग्रॅम मीठ. साध्या फ्रीजमध्ये महिनाभर सुखाने राहतं, आणि म्हशीच्या दुधाचं कडक दही इथं उलट फायद्याचं पडतं. वड्या फुटत नाहीत.

मोझरेला केलंत तर त्याच दिवशी पिझ्झ्यावर घालू नका, पाणी सोडतं. दोन-तीन दिवस झाकून फ्रीजमध्ये ठेवा, ते पाणी आत मुरतं, मग नीट किसलं जातं.

पेठेतली_वहिनी

रविवारी निम्मं-निम्मं दूध घेऊन बसते. ती पीएचची पट्टी मेडिकलमध्ये मिळेल का?

लॅबवाले_काका

मेडिकलमध्ये मिळाली तरी ती १ ते १४ ची असते, घेऊ नका. तिच्यावर ५ आणि ६ मधला फरक डोळ्याला कळत नाही आणि आपलं सगळं काम तिथंच आहे. शाळा-कॉलेजांना प्रयोगशाळेचं सामान देणाऱ्या दुकानात जा आणि कमी टप्प्याची मागा, ४.५ ते ७ किंवा जवळपासची. पट्टी दुधात बुडवून ठेवू नका, थेंब टाका आणि लगेच रंग बघा. दुधाचा पांढरा थर पट्टीवर बसला की रंग फिका दिसतो.

कॅफेवाला_भावा

काका, ते ताकाचं प्रमाण ४ लिटरला एकच चमचा का? आणि किती वेळ आधी घालायचं?

लॅबवाले_काका

एकच. घरचं, त्याच दिवशी घुसळलेलं, मीठ न घातलेलं. दूध ३२ अंशांवर आल्यावर घाला, पाऊण तास ठेवा, मग रेनेट. पण ताक घालणार असाल तर लिंबूसत्व सव्वा चमच्यावर आणा, बाकीचं काम ताक करेल. यात ताण लगेच येत नाही, पीएच ५.३ च्या आसपास उतरेपर्यंत थांबायला लागतं, थंडीत तीन-चार तासही जातात. घाई असेल तर ताकाच्या भानगडीत पडू नका.